जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ घरी उघडताना : आधी बुश बघा, मग कार्बन

बेळगावजवळच्या उचगाव, बेळगुंदी, कडोली या बाजूला संध्याकाळी फिरलात तर एक गोष्ट हमखास दिसते. जुने ट्रॅक्टर सपाटीवर उभे नसतात. घराच्या वरच्या अंगाला, उताराकडे तोंड करून, चाकाखाली दगड लावून उभे केलेले असतात. सकाळी दगड काढायचा, क्लच दाबून गाडी सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन धरतं आणि दिवस सुरू होतो. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी बॅटरीवरची मोटर, गेलेला असतो, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

आमच्या घरी तीन वर्षं असंच चाललं. "उताराला लाव गा," हे वडिलांचं रोजचं सांगणं. मग एका जुलैत रोप लावणीच्या वेळी, गुडघाभर चिखलात, ट्रॅक्टर बंद पडला. वाफ्यात कुठला आलाय उतार? शेजारच्यांचा ट्रॅक्टर बोलावून, साखळी लावून ओढून काढेपर्यंत निम्मा दिवस गेला. लावणीच्या बायका बांधावर बसून राहिल्या आणि त्यांची हजेरी द्यावी लागली ती वेगळीच. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सेल्फ उतरवून उघडला.

आपल्या भागात महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, फोर्ड ३६००, एचएमटी २५११, स्वराज ७३५ असे जुने ट्रॅक्टर अजून कामात आहेत. त्यांचे सेल्फ एकमेकांना बसत नाहीत, पण आतली रचना बरीचशी सारखी आहे. म्हणून पुढे लिहिलेलं यातल्या बहुतेकांना लागू पडेल. ज्यांनी आजवर पाना फक्त चाकाच्या नटाला लावला आहे, त्यांना समजेल अशा बेताने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. सेल्फ बंद पडला की सगळे म्हणतात, "कार्बन गेले, कार्बन टाका." कार्बन म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे, घासून झिजणारे ठोकळे. ते टाकले की सेल्फ फिरतोही. पण कार्बन लवकर संपले ते का संपले, हे कुणी बघत नाही. पुष्कळदा खरं दुखणं बुशात, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या छोट्या नळीत, असतं. आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, शाफ्ट दोन्ही टोकांना पितळी रंगाच्या बुशात फिरतो. मोठ्या सेल्फमध्ये मधेही एक बुश असतो. आर्मेचर आणि भोवतीचे पोल, म्हणजे बॉडीतले लोखंडी चुंबक, यांच्यामधली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी. बुश झिजला की आर्मेचर एका बाजूला ओढलं जातं, पोलला घासतं, जड फिरतं, जास्त करंट खातं. शाफ्ट हेलकावे खातो तसा कार्बनही कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, उड्या मारतो, ठिणग्या पडतात आणि कार्बन जळत जातो. मी पहिल्या वेळी फक्त कार्बन बदलले होते. दिवाळीपर्यंत चाललं आणि ऐन ऊस तोडणीच्या तोंडावर पुन्हा उताराची वेळ आली.

दोष सेल्फचाच आहे का?

सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीपासून सुरुवात करा. एक साधा मल्टीमीटर घ्या. बॅटरी रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजली तर भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ किंवा खाली असेल तर आधी चार्ज करून आणा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर क्लॅम्प काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने चकाकवा आणि मग घट्ट आवळा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आता ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिनाचा स्टॉप ओढून धरलेला, म्हणजे सेल्फ मारताना इंजिन चालू होणार नाही. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. बॅटरीवरचा व्होल्टेज सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ आत अडखळतोय. शेजारची चांगली बॅटरी लावून बघितलं की दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

अर्थिंग, म्हणजे बॅटरी आणि ट्रॅक्टरची बॉडी यांचा जोड, विसरू नका. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर, खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. सेल्फ मारताना तिथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास काटा आला तर अर्थिंगची केबल किंवा तिचा बोल्ट खराब आहे. जुन्या ट्रॅक्टरला रंगावर रंग चढलेला असतो आणि अर्थिंगचा बोल्ट त्या रंगावरच आवळलेला असतो. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला हा दोष मी वारंवार बघितलाय.

हेडलाइट लावूनही पुष्कळ कळतं. सेल्फ मारल्यावर दिवे अगदी मंद झाले आणि सेल्फ फिरला नाही, तर करंट जातोय पण काहीतरी अडलंय : बॅटरी कमजोर किंवा आर्मेचर घासतंय. दिवे तसेच लख्ख राहिले आणि नुसता "टक्" आवाज आला, तर करंट पुढे जातच नाही. सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे, आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन संपून कम्युटेटरला टेकत नाहीत. सेल्फ भर्रकन फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं इंजिनाला धरणारं दातेरी चाक आणि त्याचा क्लच, घसरतंय. आणि ठरावीक वेळीच खर्र असा दातांचा आवाज येतो, तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, रिंगचे दात बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दोनच जागी थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागी, म्हणून रिंगचे दात त्या-त्या जागीच झिजतात. रिंगचं काम मात्र ट्रॅक्टर मधोमध खोलून वेगळा केल्याशिवाय होत नाही. ते गॅरेजवाल्याकडेच सोडा.

इथे एक हात जोडून विनंती. सोलेनॉइडच्या दोन बोल्टना स्क्रू ड्रायव्हर टेकवून जमिनीवर उभं राहून सेल्फ मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असला आणि इंजिन धरलं, तर मागचं चाक समोर उभ्या माणसावर येतं. माणसं अशी गेली आहेत. पोरांना ही पद्धत शिकवू नका, स्वतःही करू नका.

सेल्फ उतरवणे

पहिलं काम : बॅटरीची अर्थिंगची केबल काढणे. नेहमी अर्थिंग आधी काढायची आणि शेवटी लावायची. बहुतेक ट्रॅक्टरला निगेटिव्ह अर्थिंग असतं, पण इंग्रजी धाटणीच्या काही जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह असतं, म्हणून केबल कुठे बॉडीला जाते ते डोळ्यांनी बघा. मी पहिल्या दिवशी हे केलं नव्हतं. पाना सेल्फच्या मोठ्या नटाला लागला, त्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं आणि पान्याचा कोपरा माझ्या डोळ्यांदेखत वितळला. बोटात अंगठी असेल तर ती काढून ठेवा, हातातलं कडंसुद्धा.

वायरींना आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावा, मोबाइलवर फोटो काढा. दोन किंवा तीन बोल्ट असतात. सेल्फ चांगला जड असतो, म्हणून शेवटचा बोल्ट सोडताना खालून एक हात लावा किंवा कुणाला धरायला सांगा. बाहेरून डिझेलच्या फडक्याने पुसून, मातीचा कण आत जाणार नाही असा स्वच्छ करूनच उघडा.

उघडण्याआधी मधली बॉडी, पुढचं तोंड आणि मागचं झाकण, तिन्हींवरून जाईल अशी पंचने खूण करा. जुन्या सेल्फना मागच्या बाजूला पत्र्याची एक पट्टी असते. ती सरकवली की चार कार्बन दिसतात. सायकलच्या जुन्या स्पोकला टोकाशी आकडा वाकवा आणि त्याने स्प्रिंग उचलून कार्बन बाहेर ओढा. ह्या स्पोकइतकं चांगलं हत्यार ह्या कामाला दुसरं मिळालेलं नाही. मग लांब बोल्ट काढा आणि झाकण हळूच ओढा. शाफ्टवर वॉशर असतील, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा.

धुण्याचा मोह होतो, पण आर्मेचर आणि फील्ड कॉइल (पोलवरची वेटोळी) डिझेलच्या डब्यात बुडवायचे नाहीत. त्यांचं इन्सुलेशन खराब होतं. पेट्रोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायचं, तेही उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. बेंडिक्स तर कशातच बुडवू नका. त्याच्या एका बाजूने फिरणाऱ्या क्लचमध्ये कंपनीने भरलेलं ग्रीस असतं, ते धुऊन गेलं की महिन्याभरात ते घसरायला लागतं.

बुश

आर्मेचर हातात घ्या आणि शाफ्टचं टोक झाकणातल्या बुशात घाला. आता शाफ्ट आडवा हलवा. नव्या बुशात तो गुळगुळीत फिरतो आणि आडवा हलत नाही. झिजलेल्या बुशात बोटांना "खट, खट" असं जाणवतं. त्यानंतर पोलच्या आतल्या बाजूकडे उजेडात बघा. एका बाजूला घासून चकाकलेले ओरखडे दिसले आणि आर्मेचरच्या लोखंडावरही तसेच ओरखडे दिसले, तर दुखणं सापडलं. आमच्या सेल्फमध्ये चिखलाच्या बाजूचा, म्हणजे पुढच्या तोंडाचा बुश लंबगोल झाला होता. चिखलणीचं पाणी फ्लायव्हीलच्या हाऊसिंगमधून आत जातं, त्याबरोबर बारीक गाळ जातो आणि तो बुशाला कानस लावल्यासारखा खातो. अथणी-कागवाडकडे गाळाच्या जागी रस्त्याची धूळ हेच काम करते.

नवीन बुश आणायला जाताना झाकण आणि आर्मेचर दोन्ही बरोबर घ्या. बेळगावात काय, निपाणीत काय, स्पेअर पार्टच्या दुकानात मॉडेलचं नाव सांगून चुकीचा बुश मिळण्याची शक्यता भरपूर, कारण त्याच ट्रॅक्टरला वेगवेगळ्या साली वेगवेगळे सेल्फ लागले आहेत. काउंटरवरचा माणूस कानडीत "हळेदु तोरस्री", म्हणजे "जुना दाखवा", म्हणतो ते ह्यासाठीच. जुना भाग दाखवला की भाषेचीही अडचण येत नाही आणि मापाचीही.

जुना बुश आरपार भोकात असेल तर मापाचा दांडा लावून ठोकून निघतो. मागच्या झाकणातला बुश मात्र पुष्कळदा एका बाजूने बंद असतो. छिन्नीने उकरायला गेलात तर झाकणाची बैठक खराब होते. सोपा उपाय असा : बुशात काठोकाठ ग्रीस भरा. शाफ्टच्याच जाडीचा, बुशात चपखल बसणारा गुळगुळीत दांडा त्यात घाला आणि वरून हातोडीचे बेताचे ठोके द्या. ग्रीसला जायला जागा नसते, ते बुशाच्या खालून दाब देतं आणि बुश वर सरकायला लागतो. मधे ग्रीस कमी झालं तर पुन्हा भरा. पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही. चार-पाच ठोक्यांत बुश दांड्याभोवती वर येतो, अगदी सावकाश. दांडा सैल असेल तर ग्रीस फक्त तोंडावर उडेल, म्हणून दांड्याचं माप महत्त्वाचं.

नवा बुश घालण्याआधीची एक पायरी जवळजवळ सगळे गाळतात. हे बुश कांस्याची भुकटी दाबून बनवलेले असतात, त्यांच्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत तेल साठतं. म्हणून बुश बसवण्याआधी स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवायचा. घाई असेल तर तेल १०० अंशांपर्यंत तापवून त्यात दोन तास ठेवायचा, आणि तेलाबरोबरच थंड होऊ द्यायचा. कोरडा बुश बसवला तर तो शाफ्टलाही खातो. आमच्याकडे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बुश तेलात टाकून रात्रभर फडताळात ठेवला होता.

बसवताना हातोडीने थेट बुशावर मारू नका. शाफ्टच्या मापाचा, खांदा असलेला गुळगुळीत दांडा लेथवर करून घ्या आणि त्यावर बुश चढवून वाइसमध्ये दाबून बसवा. दांड्यामुळे बुश आतून आकसत नाही. बसल्यावर आतून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवू नका, त्याने ती छिद्रं बुजतात. शाफ्ट जरासा घट्ट वाटला तर तेल लावून हाताने फिरवत राहा.

शाफ्टच झिजला असेल तर तयार बुश उपयोगाचा नाही. अशा वेळी शाफ्ट लेथवर साफ करून त्याच्या मापाचा गनमेटलचा बुश करून घ्यावा. बेळगाव फाउंड्रीचं गाव, उद्यमबागेच्या कारखान्यांच्या भागात लेथ आणि गनमेटल दोन्ही मिळतं. एवढं लक्षात ठेवा, गनमेटल स्वतः तेल धरून ठेवत नाही. त्याला आतून तेलाची खाच काढायला सांगा.

आर्मेचर आणि कम्युटेटर

मल्टीमीटर कंटिन्युइटीला लावा, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की आवाज येतो त्या जागेवर. एक टोक शाफ्टला, दुसरं कम्युटेटरच्या प्रत्येक तांब्याच्या पट्टीला. कुठेही आवाज आला तर आर्मेचर बॉडीला लागलंय. ते वायंडिंगवाल्याकडे गेलं पाहिजे. आवाज आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. वेटोळी आपसात शॉर्ट असतील तर मीटरला कळत नाही, त्याला ग्रोलर हे तपासायचं यंत्र लागतं. वायंडिंगवाला आर्मेचर ग्रोलरवर ठेवून वर हॅकसॉचं पातं धरतो. शॉर्ट खाचेवर पातं थरथरतं. दोन मिनिटांचं काम आहे, करून घ्याच.

कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने, म्हणजे काचकागदाने, फिरवत साफ करा. एमरी वापरू नका. तिचे कण पट्ट्यांच्या मधे अडकतात आणि शॉर्ट करतात. खोल खाचा पडल्या असतील तर लेथवर हलका कट घ्यावा लागेल.

पट्ट्यांच्या मधे मायका (अभ्रकाचं इन्सुलेशन) असतो. डायनमोचं, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं, काम केलेले हौशी लोक इथेही मायका करवतीच्या पात्याने खाली घेतात. डायनमोत ते बरोबर आहे, तिथे साधारण ०.८ मिलिमीटर खाली घेतात. पण ल्यूकस या इंग्रजी कंपनीच्या धाटणीच्या जुन्या सेल्फमध्ये मायका खाली घ्यायचा नसतो. दुसऱ्या बनावटीचा सेल्फ असेल तर वायंडिंगवाल्याला विचारा, स्वतःच्या मनाने खरवडू नका.

कार्बन

नव्या कार्बनच्या निम्म्यापेक्षा कमी उंची राहिली असेल तर चारही बदला, एखाद-दुसरा नको. चारांपैकी दोन कार्बन फील्ड कॉइलला जोडलेले असतात आणि दोन अर्थिंगला. अर्थिंगचे दोन बऱ्याचदा स्क्रूवर असतात, ते सोपे. फील्डचे दोन डाग देऊन, म्हणजे कथील वितळवून (सोल्डरिंगने), जोडलेले असतात, आणि नवशिक्यांचं काम तिथेच बिघडतं.

फील्ड कॉइल तांब्याची असेल तर जुना डाग वितळवून नव्या कार्बनची शेपटी, म्हणजे त्याची विणलेली तार, तिथे जोडता येते. अॅल्युमिनियमची असेल तर साधं कथील त्याला धरत नाही. अशा वेळी जुन्या कार्बनची शेपटी मुळाशी न तोडता पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा ठेवायचा आणि नवी शेपटी त्या तुकड्याला डाग द्यायची. डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) मोठी लागते, रेडिओ दुरुस्तीची छोटी इस्त्री ह्याला पुरत नाही. राळ वापरा, तेजाब नको, तेजाबाने तार आतून कुजते.

डाग देताना शेपटी कार्बनच्या जवळ पक्कडीत घट्ट धरा आणि पक्कडीजवळ ओलं फडकं गुंडाळा. असं नाही केलं तर वितळलेलं कथील विणलेल्या तारेतून वातीतल्या तेलासारखं वर चढतं, शेपटी काडीसारखी कडक होते आणि कार्बन होल्डरमध्ये मोकळा खाली-वर होत नाही. काम झाल्यावर शेपटी दोन बोटांत वाकवून बघा. ती सुतळीसारखी लवचिक राहिली पाहिजे.

कार्बन होल्डरमध्ये घालून स्वतःच्या वजनाने सरकतो का बघा. अडकत असेल तर कडा बारीक कागदावर घासा. फील्डच्या बाजूचे होल्डर बॉडीला लागत नाहीत ना, हे मीटरने तपासा. स्प्रिंगा निळ्या-काळ्या झाल्या असतील तर त्या गरमीने मेल्या आहेत, त्याही बदला. नवा कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला नीट बसत नसेल तर कम्युटेटरभोवती काचकागद खरबरीत बाजू वर ठेवून गुंडाळा आणि आर्मेचर फिरवा. मग सगळी भुकटी फुंकून काढा.

जोडणी आणि चाचणी

जोडताना चारही कार्बन वर उचलून धरायला तिसरा हात लागतो. युक्ती अशी की कार्बन होल्डरमध्ये थोडा वर ठेवायचा आणि स्प्रिंग त्याच्या डोक्यावर न बसवता कुशीला टेकवायची. स्प्रिंगच्या दाबाने तो तिथेच अडकून राहतो. झाकण बसलं की पट्टीच्या खिडकीतून स्पोकच्या आकड्याने स्प्रिंग उचलून डोक्यावर बसवायची. खुणा जुळवा, वॉशर तारेतल्या क्रमाने घाला, लांब बोल्ट आळीपाळीने आवळा. शाफ्टच्या पीळदार भागाला तेलाचा हात पुरे. तिथे ग्रीस थापलं की धूळ चिकटून बेंडिक्स अडकतं.

ट्रॅक्टरवर चढवण्याआधी सेल्फ वाइसमध्ये पक्का धरून जंपर केबलने बॅटरी लावून बघा. पायाखाली दाबून कधीही नाही. सुरू होताना तो जोरात झटका मारतो. पिनियन, म्हणजे बेंडिक्सचं दातेरी चाक, पुढे येऊन एकसारखा, घासल्याशिवाय फिरला पाहिजे. खिडकीतून ठिणग्यांचा पट्टा दिसत असेल तर कार्बन नीट बसलेले नाहीत.

चढवताना सेल्फ जिथे हाऊसिंगला टेकतो तो चेहरा उघड्या लोखंडापर्यंत साफ करा, कारण तेच त्याचं अर्थिंग आहे. वायरी फोटो बघून लावा, बॅटरीची अर्थिंग शेवटी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मधे अर्धा मिनिट तरी थांबा. शेकडो अँपिअर ओढणारी ही मोटर थंड व्हायला वेळ घेते. इंजिन दोन-तीनदा घेऊनही धरलं नाही तर दोष डिझेलमध्ये किंवा त्याच्या नळीत शिरलेल्या हवेत शोधा, सेल्फला छळू नका.

आमच्याकडे आता मे महिन्याच्या शेवटी, रोहिणी निघायच्या आधी, पट्टी सरकवून कार्बनची उंची बघतो आणि आर्मेचर हलवून बुशाचा "खट" येतो का ते ऐकतो. लावणी संपली की पुन्हा एकदा. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा फवारा सेल्फवर मारत नाही. पुढच्या तोंडाला खाली एक छोटं भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करतो, म्हणजे आत शिरलेलं पाणी तिथून गळून जातं.